दुसरं मांजर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात घोडा येतो, हत्ती येतो, बैल तर पानोपानी येतो. मांजर मात्र कुठेच येत नाही. छत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण मांजराबद्दल एक ओळही कधी फळ्यावर लिहिल्याचं आठवत नाही. त्यात नवल तरी काय? मांजराने कधी रथ ओढला नाही, रणांगणावर ते दिसलं नाही, कुणाच्या राज्याभिषेकाच्या चित्रातही ते नाही. तरीसुद्धा हा प्राणी जवळजवळ दहा हजार वर्षं माणसाच्या आसऱ्याने राहतो आहे. इतक्या जुन्या शेजाऱ्याचा इतिहास आपण शिकवत नाही, ही गंमतच म्हणायची.

निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी या न शिकवलेल्या धड्याकडे वळले. त्याला कारण घडलं ते अगदी घरगुती. आमच्या घरात एक मांजर आहे. दुसरं आणावं की नाही, आणायचं तर कोणतं, हा विषय गेले काही महिने आमच्याकडे गाजतो आहे.

आमच्या मांजरीचं नाव ठकी. वय सहा वर्षं. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तोपर्यंत ती ह्यांच्या पायाशी झोपायची. आता ती त्या रिकाम्या खुर्चीवर झोपते. बंगळुरूहून लेक फोनवर म्हणते, "आई, ठकीला दिवसभर एकटं वाटत असेल गं, तिला एक सोबत आण." खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, "पिल्लूच आणा, लहान असलं की जमतं." आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तर एका वाक्यात निकाल देतात, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बाई!"

तिघींचं म्हणणं वेगवेगळं, आणि तिघींच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. अशा वेळी इतिहासाच्या शिक्षिकेने काय करावं? भांडण जिथून सुरू झालं तिथपर्यंत मागे जावं! तशी मी मागे गेले. काय सापडलं ते सांगते.

सुरुवात पूर्वजांपासून करू. २००७ साली जगभरातल्या ९७९ मांजरांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसलं, की जगातली सगळी पाळीव मांजरं, मग ती लंडनची असोत की लातूरची, एकाच जातीच्या रानमांजरापासून आलेली आहेत. ते म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणारं, वाळूच्या रंगाचं, अंगावर फिकट पट्टे असलेलं रानमांजर. शास्त्रज्ञ त्याला फेलिस लिबिका म्हणतात.

हे रानमांजर एकटं राहतं. एकटं का, याचं उत्तर त्याच्या ताटात आहे बघा. लांडगा मोठं जनावर मारतो. ते एकट्याला मारता येत नाही आणि एकट्याला खाऊन संपतही नाही. म्हणून लांडग्यांना कळप लागतो, आणि कळप म्हटला की मोठा कोण, धाकटा कोण, कुणी कुणापुढे मान तुकवायची, रुसवा कसा काढायचा, हे सगळं शिकणं आलं. कुत्रा हे शिक्षण घेऊनच माणसाच्या दारात आला. रानमांजर खातं उंदीर. एक उंदीर म्हणजे एका मांजराचा एक घास. त्याची वाटणी कशी करणार? म्हणून प्रत्येकाची शिकारीची जागा वेगळी, तिच्या सीमा वासाने आखलेल्या, आणि दुसरं मांजर दिसलं की एकाने वाट बदलायची. भांडणानंतर समेट करण्याची कला कुत्र्याकडे आहे, मांजराला तिची गरजच पडली नाही. गरज पडली की निघून जायचं, हीच त्याची रीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच उभं आहे.

मग हा एकांडा प्राणी माणसाजवळ आला कसा? त्याचं श्रेय धान्याला. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. साठवणीवर उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आलं. कुणी त्याला पकडून आणलं नाही. माणसाचा एक दाणा त्याने खाल्ला नाही, उलट राखला. तेव्हा माणसानेही त्याला हाकललं नाही. आपल्याकडचा 'मार्जार' हा शब्द 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूशी जोडतात. सदान्‌कदा अंग चाटून साफ करणारा हा प्राणी, तेव्हा नाव शोभतंच. पण कोठारं साफ ठेवणारा म्हणूनही ते त्याला शोभून दिसतं.

माणूस आणि मांजर यांच्या जवळिकीचा फार जुना पुरावा सायप्रस बेटावर मिळाला. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी तिथल्या शिलूरोकाम्बोस या ठिकाणचं सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं दफन जाहीर केलं. एका माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर, वेगळ्या छोट्या खड्ड्यात, आठएक महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. सायप्रसवर मुळात रानमांजरं नव्हती. म्हणजे ते, किंवा त्याचे आईबाप, होडीतून आणलेले असणार. इतक्या जुन्या काळी कुणीतरी एक मांजर बरोबर घेऊन समुद्र ओलांडला होता!

चीनमधली हकिगत याहून निराळी. तिथल्या क्वानहूकून या गावी ५३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडं मिळाली. धान्य, उंदीर, मांजर अशी तीच साखळी. पण पुढे तपासल्यावर कळलं, की ते आपलं मांजरच नव्हे. ते होतं लेपर्ड कॅट, म्हणजे बिबट्यासारखे ठिपके असलेलं छोटं रानमांजर, जे आपल्या सह्याद्रीतही आहे. ते माणसाच्या वस्तीजवळ बराच काळ राहिलं आणि मग पुन्हा रानात निघून गेलं. आज चीनमधल्या घराघरांत जी मांजरं आहेत ती पश्चिमेकडून आलेल्या मांजरांची वंशज आहेत. सांगायचा मुद्दा असा, की मांजराशी झालेला करार कायमचा नसतो. त्याला परवडलं तर ते राहतं, नाही तर चालू लागतं.

आता मावशींच्या दोन तलवारींकडे येऊ. एकटं राहणाऱ्या या प्राण्याला दुसरं मांजर जवळ चालू लागलं ते केव्हा? त्याचंही उत्तर धान्याच्या कोठारातच आहे. एकाच ठिकाणी इतके उंदीर, की कितीही खाल्ले तरी संपायचे नाहीत. मग हद्दीसाठी भांडण्यात अर्थ उरला नाही. दोन मांजरं, चार मांजरं एकाच कोठाराच्या आसपास राहू लागली. त्यातही रीत ठरलेली. आई राहते, तिच्या मुली राहतात, मावशा राहतात. बोके मोठे झाले की निघून जातात.

इंग्लंडमधले डेव्हिड मॅकडोनल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत शेतावर मोकळ्या राहणाऱ्या मांजरांचं बारकाईने निरीक्षण केलं. नात्यातल्या मांजरी एकमेकींची पिल्लं पाजतात, एकत्र सांभाळतात, आणि परकी मांजरी आली की सगळ्या मिळून तिला हुसकतात, असं त्यांना दिसलं. बाहेरून आलेला बोका पिल्लं मारतो, हेही त्यांनी १९८७ साली नोंदवलं. हे वाचताना मला एकदम हिरोडोटसची आठवण झाली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार इजिप्तच्या वर्णनात लिहून गेला आहे, की तिथले बोके मांजरींची पिल्लं पळवून मारतात, म्हणजे मांजरी पुन्हा त्यांच्याकडे येतात. गोष्टीवेल्हाळ म्हणून त्याला पुष्कळ लोक हसले. पण या बाबतीत म्हातारा बरोबर होता!

इजिप्तचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. घरातलं मांजर नैसर्गिक मरण पावलं तर घरातले सगळे भुवया काढून टाकतात, असंही हिरोडोटसने लिहिलं आहे. बास्टेट ही मांजराच्या मुखाची देवी, आणि बुबास्टिस हे तिचं नगर. पुढच्या काळात देवीला वाहण्यासाठी मांजरांच्या ममी करण्याची प्रथा इतकी वाढली, की त्यासाठी मांजरं मोठ्या संख्येने पाळावी लागली. ब्रिटिश म्युझियममधल्या अशा ममी १९८१ साली तपासल्या, तेव्हा त्यांतली बरीचशी मांजरं वर्षाच्या आतली, मान मोडून मारलेली निघाली. आणि या ममींचं पुढे काय झालं म्हणता? बेनी हसनजवळ १८८८ साली त्यांचा प्रचंड साठा सापडला. १८९० साली त्यातला सुमारे १९ टन माल, म्हणजे अंदाजे १ लाख ८० हजार मांजरं, लिव्हरपूलला गेला आणि खत म्हणून विकला गेला. देवीचा नैवेद्य शेवटी इंग्लंडच्या शेतात! इतिहास कधी कधी असा थट्टा करतो.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे, की पुष्कळ मांजरं एका जागी ठेवण्याचा उद्योग माणसाने फार पूर्वी केला, पण तो मांजरांच्या सुखासाठी नव्हता. मांजराला दुसरं मांजर आवडतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे काय होतं? सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो इथे एक वीट मिळाली आहे. ओल्या विटेवर आधी मांजराची आणि पाठोपाठ कुत्र्याची पावलं उमटलेली आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागलं होतंच! महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रसिद्ध शिल्पात एक मांजर पुढचे पाय वर करून तप करतं आहे आणि पायाशी उंदीर जमले आहेत. ढोंगी साधूवरची ही थट्टा आपल्याला लगेच कळते. पण मांजराचा स्वभाव ओळखला आहे तो महाभारतकारांनी. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश मांजर यांची गोष्ट सांगतात. मांजर जाळ्यात अडकलं आहे, उंदरावर मुंगूस आणि घुबड टपून आहेत. दोघे तेवढ्यापुरते मित्र होतात. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून जीव वाचवतो आणि अगदी पारधी समोर आल्यावर शेवटचा दोर कुरतडतो. संकट टळल्यावर मांजर म्हणतं, ये, आता आपण कायमचे मित्र. उंदीर म्हणतो, नको. गरज होती म्हणून मैत्री होती. राजनीतीचा धडा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला मात्र आता वाटतं, की मांजरांच्या आपसातल्या नात्यालाही ती लागू पडते. आधी गरज भागते, भीती जाते, आणि त्यानंतर जमलंच तर स्नेह.

माझं लहानपण कृष्णाकाठच्या एका गावात, वाड्यात गेलं. माजघरात धान्याच्या कणग्या, वर माळा, मागे गोठा. तिथे मांजरं असायचीच, कधी दोन, कधी पाच. पण "आज आपण दुसरं मांजर आणलं" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मांजर आणायचं नसतंच मुळी, ते यायचं! धार काढली की फुटक्या बशीत थोडं दूध, बाकी ज्याचं त्याने बघावं. दोघींचं पटलं नाही तर एक शेजारच्या वाड्यात मुक्काम हलवायची. आजी म्हणायची, "भाटी घरची, बोका पाहुणा." इंग्लंडच्या शेतावर जे नोंदवलं गेलं ते आजीला अंगणात बसून ठाऊक होतं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ती फिरवायला तेव्हा सात घरं होती आणि त्यांची दारं उघडी होती.

आणि इथेच, वाचकहो, आपल्या प्रश्नाची गाठ आहे. दारं बंद कधी झाली?

युरोपात एकोणिसाव्या शतकात मांजर हळूहळू कोठारातून दिवाणखान्यात आलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जुलै १८७१ मध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून जाती, रंग, केस यांचं कौतुक वाढलं. पण तरीही मांजर बाहेर जाऊन येत होतं, कारण विधीसाठी त्याला बाहेर जावंच लागे. घरात ठेवलेली राखेची किंवा वाळूची पेटी फार वास मारायची. मग १९४७ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी ओलावा शोषणारी भाजक्या मातीची खडी दिली. ती इतकी सोयीची ठरली, की तिचा मोठा धंदा झाला. पुढे नसबंदीचं ऑपरेशनही सर्रास होऊ लागलं. मांजराला चोवीस तास घरात ठेवणं पहिल्यांदाच सोपं झालं. आपल्याकडे ब्लॉकमध्ये, चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहणं आलं आणि मांजरही आपल्यासारखंच आतलं झालं.

हिशोब मांडा. साडेनऊ हजार वर्षांपैकी उणीपुरी ऐंशी वर्षं. एवढ्याच काळात मांजराचा निघून जाण्याचा हक्क गेला. भांडण झालं, पटलं नाही, नको असलेलं कुणी आलं, तर वाट बदलायची ही त्याची एकमेव विद्या, आणि दोन खोल्यांच्या घरात ती चालत नाही. 'पहिल्या मांजराशी जमेल असं दुसरं मांजर कसं निवडावं' हा प्रश्न आमच्या आजीला पडला नाही, कारण निवड मांजरं करत होती. आता ती आपण करतो. म्हणून जबाबदारीही आपली.

ही जबाबदारी पार पाडायला गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या अभ्यासांची चांगली मदत होते. जर्मन संशोधक पॉल लायहाउझन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं, की मोकळी मांजरं एकच वाट, एकच उन्हाची जागा वेगवेगळ्या वेळी वापरतात. आमच्या चाळीतल्या नळासारखं, ज्याची त्याची वेळ ठरलेली! तेव्हा घर लहान असलं तरी चालेल, पण प्रत्येकाला स्वतःची उंच जागा, लपायची जागा आणि एकमेकांसमोर न येता जायची वाट हवी. खाण्याच्या बशा दूर दूर, पाणी वेगळं, आणि मातीच्या पेट्या मांजरांपेक्षा एकने जास्त. दोन मांजरांना तीन. एकाच कोपऱ्यात तिन्ही ठेवल्या तर मांजराच्या लेखी ती एकच पेटी. मुबलकता असली की हद्दीचं भांडण सैल पडतं, हा कोठाराचा धडा इथे कामी येतो.

निवडीचं म्हणाल तर सगळ्यांत सोपी जोडी नात्यातली. इंग्लंडमध्ये १९९९ साली ब्रॅडशॉ आणि हॉल यांनी मांजरांच्या पाळणाघरात जोडीने ठेवलेली मांजरं पाहिली. एका विताची भावंडं एकमेकांना चिकटून बसत, चाटत, शेजारी शेजारी खात. एरवी एकाच घरात राहणारी पण नात्याची नसलेली मांजरं अंतर राखून असत. ज्यांच्या घरी अजून एकही मांजर नाही आणि पुढे दोन हवीत अशी इच्छा आहे, त्यांनी एका विताची दोन भावंडं एकदमच आणावीत. नंतरचा पुष्कळ त्रास वाचेल.

ज्यांच्याकडे आमच्यासारखं एक मांजर आधीच आहे, त्यांनी येणाऱ्याचं बालपण विचारावं. अमेरिकेत एलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हातात वाढलं तर आयुष्यभर माणसाळतं. दुसऱ्या मांजरांच्या बाबतीतही तेच धोरण ठेवावं. आईपासून फार लवकर तोडलेलं, एकट्याने बाटलीवर वाढलेलं पिल्लू मांजरांची भाषा अर्धवटच शिकतं. जे मांजर मोठेपणीही इतर मांजरांबरोबर सुखाने राहिलं आहे, त्याच्याबद्दल अंदाज बांधणं सोपं.

मग वहिनींच्या पिल्लाचं काय? पिल्लाला मोठं मांजर लवकर स्वीकारतं हे पुष्कळदा खरं असतं. पण पिल्लू दिवसभर शेपटीवर उड्या मारतं. तरण्या मांजराला तो खेळ वाटतो, पोक्त मांजराला छळ. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा दमाची जोडी जमवावी. शांत मांजराला शांत, दंगेखोराला दंगेखोर. दोघांचीही नसबंदी झालेली असावी. लस आणि रक्ताची तपासणी झाल्याशिवाय नव्याला जुन्याजवळ आणू नये, कारण मांजरांचे काही जीवघेणे आजार एकमेकांना लागतात. रंग आणि जात शेवटी बघावी, किंवा बघूच नये.

नर आणावा की मादी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यातून दुसरं मांजर घरी नेलेल्या लोकांना विचारून २००५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या घरांत सुरुवातीला ओरखडे-चावे झाले होते. पुढे भांडण टिकलं की नाही, हे नर-मादीवर किंवा वयावर फारसं अवलंबून दिसलं नाही. पहिली भेट कशी झाली, याच्याशी मात्र त्याचा संबंध दिसला. आपल्याकडे लग्न जमवताना पत्रिका तासभर बघतात आणि मुलगा-मुलगी पाच मिनिटं, त्यातलाच हा प्रकार!

तेव्हा पहिली भेट घाईने घडवू नये. नव्याला आठवडा-दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. मांजराच्या जगात ओळख नाकाने होते. एकाच्या अंगावर फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या बशीजवळ ठेवावं, खोल्या थोडा वेळ अदलाबदल कराव्यात, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घालावं. मग जाळीतून किंवा फटीतून दर्शन. मग थोडा वेळ एकत्र. कोणत्याही पायरीवर गुरगुर वाढली तर एक पायरी मागे यावं. यात कधी दोन आठवडे जातात, कधी तीन महिने.

एक इशारा मुद्दाम देते. मारामारी होत नाही म्हणजे मैत्री झाली, असं नव्हे. एक मांजर दाराच्या तोंडाशी नुसतं बसून राहतं आणि दुसरं दिवसभर कपाटावरून उतरत नाही, हीसुद्धा दहशतच, फक्त आवाज नसलेली. वर्गात अशी मुलं असायची. न मारता दुसऱ्याचा डबा काढून घेणारी. शेपटी उभी करून जवळ जाणं, नाकाला नाक लावणं, एकमेकांना चाटणं, अंगाला अंग लावून झोपणं, या मैत्रीच्या खुणा. यांतलं काही झालं नाही आणि दोघंही निवांत खातात-झोपतात, तर ते चांगले शेजारी झाले असं समजावं. तेवढंही पुष्कळ आहे.

आता सगळ्यांत आधीचा प्रश्न, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला. दुसरं मांजर हवं आहे ते कुणाला? लेक म्हणाली, ठकीला एकटं वाटत असेल. मी ठकीकडे इतिहास वाचून पाहिलं तेव्हा मला वाटलं, ज्या प्राण्याचे पूर्वज हजारो वर्षं एकटे सुखाने राहिले, त्याच्या अंगावर आपण आपलं एकटेपण घालतो आहोत का? रिकाम्या खुर्चीवर ती झोपते, कारण तिथे ऊन येतं. ह्यांची आठवण येऊन मी त्या खुर्चीकडे बघते, ती गोष्ट वेगळी. ठकी नीट खाते, खेळते, अंग चाटते. केवळ तिच्यासाठी म्हणून दुसरं मांजर आणायची गरज नव्हती, हे मी लेकीला स्पष्ट सांगितलं. आणि माझं वय त्र्याहत्तर. घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. पिल्लू आणलं तर ते म्हातारं व्हायच्या आत मी नसण्याचाच संभव जास्त. पिल्लाचा विचार मी तिथेच सोडला.

आम्ही निर्णय घेतला तो निराळ्या कारणाने. ओळखीचं एक कुटुंब परदेशी चाललं होतं. त्यांच्याकडचा आठ वर्षांचा, ऑपरेशन झालेला बोका कुणाला नको होता. सहा वर्षं तो दुसऱ्या एका मांजरीबरोबर राहिलेला, ती गेल्या वर्षी वारली. स्वभावाने थंड, आवाजाने मोठा, दिसायला सामान्य. गरज ठकीची नव्हती, त्याची होती. ठकीला त्रास होणार नाही अशा बेताने तो येऊ शकतो का, एवढंच बघायचं होतं. महिना-दोन महिने बघायचं, ठकी खाईनाशी झाली किंवा कपाटावर जाऊन बसली तर लेक त्याला बंगळुरूला नेणार, आणि माझ्या माघारी दोघांनाही तीच सांभाळणार, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. असे करार आधीच करावेत, लोमश-पलिताप्रमाणे, ज्याची त्याची गरज उघड सांगून.

आज त्याला येऊन अकरा दिवस झाले. तो मागच्या खोलीत आहे आणि दार बंद आहे. पहिले तीन दिवस ठकी दाराकडे बघून फुसफुसली. आता तिची बशी दारापासून चार हातांवर आहे आणि ती तिथे बसून जेवते. काल दाराच्या फटीतून एक पंजा बाहेर आला. ठकीने तो बराच वेळ पाहिला, हुंगला नाही, मारलाही नाही, आणि पुन्हा जेवायला लागली. मावशी म्हणाल्या, "बाई, अजून दार उघडू नका." मी म्हटलं, "मुळीच नाही. मला कसली घाई आहे?"